पांबन ते धनुष्कोडी : ६५३ पॅसेंजरच्या वाटेने

धनुष्कोडीला जाणारे बहुतेक लोक रामेश्वरमहून रिक्षा करतात, पडक्या चर्चसमोर फोटो काढतात, टोकाला जाऊन रामसेतूच्या दिशेने हात जोडतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. ‘भुताचं गाव’ तीन तासांत आटोपतं. त्यात चूक काही नाही, फक्त ज्या गोष्टीमुळे ते गाव वसलं तीच पाहायची राहून जाते. धनुष्कोडी हे आधी एक रेल्वे स्टेशन होतं, गाव त्याच्या पाठोपाठ वाढलं. स्टेशन समजून घ्यायचं तर त्याच्या लाइनीने यावं. म्हणून ही फेरी मंडपमपासून सुरू करून पूल, पांबन, रामेश्वरम आणि मग धनुष्कोडी अशी आखली होती. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री, वादळाने हे गाव बुडवलं तेव्हा, पांबनहून शेवटची ६५३ पॅसेंजर गेली, साधारण तीच वाट.

महिना जानेवारीचा. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरअखेर ओसरतो, ऊन अजून सोसवतं आणि खाडीत रोहित उतरलेले असतात. एप्रिल-मेमध्ये ताडगोळे भरपूर मिळतात, पण वाळूवर दहानंतर पाय ठेववत नाही.

दिवस पहिला : मदुराई, मंडपम आणि पूल

मदुराईहून रामेश्वरमची साधी पॅसेंजर घ्यावी. चार तासांच्या आसपास लागतात. मानामदुराई मागे पडलं की भाताची खाचरं विरळ होतात, रामनाथपुरम येईपर्यंत दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ पसरते. तिचा कोळसा पाडणं हा इथला मोठा धंदा आहे. फलाटाबाहेर कोळशाची पोती रचलेली दिसतात. डब्यात सुंडल, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांची खोबरं घातलेली उसळ, कागदाच्या पुडीत मिळते. मोसम असेल तर उकडलेले ताडाचे कोंब, तमिळमध्ये पनंकिळंगु, जुडी बांधून येतात. दोरे काढत काढत खायचे. चव रताळ्याच्या आणि शिंगाड्याच्या मधली कुठलीतरी.

उतरायचं ते मंडपमला. आधी ‘मंडपम कॅम्प’ नावाचं दुसरं स्टेशन लागतं, तिथे घाईने उतरू नये. मात्र त्या नावाचा इतिहास धनुष्कोडीशी थेट जोडलेला आहे. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, चहामळ्यांवर जाणाऱ्या मजुरांची छावणी इथे होती. रोगराई पलीकडे जाऊ नये म्हणून माणसांना आधी इथे ठेवायचे, तपासायचे आणि मगच पुढच्या गाडीत बसवायचे. पुढे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची छावणीही मंडपमलाच झाली. म्हणजे एकाच ठिकाणी आधी जाणारे थांबले, नंतर येणारे.

मंडपमच्या पुढे जमीन संपते. रूळ इथवर आधीच आले होते, पण बेटावर जायला होडी लागायची. पुलाचं काम १९११ मध्ये सुरू झालं आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो खुला झाला. लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर, १४५ साधे गाळे आणि मधोमध जहाजांसाठी उघडणारा एक शेर्झर पद्धतीचा गाळा. देशातला हा पहिला सागरी पूल. पुढे बरीच वर्षं लांबीतही हाच पहिला होता.

शेर्झर गाळ्याची करामत जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मध्ये दोन पाती, प्रत्येकीचं बूड झुलत्या खुर्चीच्या पायासारखं गोल, आणि मागे लोखंडी वजन. पाती मागे कलंडत वर उठते तेव्हा वजन खाली जातं, त्यामुळे प्रचंड पोलाद दोन्ही बाजूंना माणसं लावून हाताने दांडे फिरवून उघडता येत असे. जहाज गेलं की उलट फिरवायचं. शंभरहून अधिक वर्षं हे असंच चाललं. शेवटी पुलाला पोखरलं ते खाऱ्या वाऱ्याने. इथली हवा पोलादाला जगातल्या सर्वांत वाईट हवांपैकी एक मानतात. डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पुलावरची वाहतूक बंद झाली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, शेजारचा नवा पूल सुरू झाला. नव्यात १८.३ मीटरचे ९९ गाळे आहेत आणि ७२.५ मीटरचा एक उचलणारा गाळा. हा कलंडत नाही, लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो, तोही विजेवर आणि सुमारे पाच मिनिटांत.

दोन्ही पूल पाहायची जागा म्हणजे १९८८ मधला रस्त्याचा पूल. बस किंवा रिक्षाने मंडपमहून निघून मधल्या उंचवट्यावर उतरावं. तिथे गाडी उभी करायला मनाई आहे आणि सगळे करतात, त्यामुळे ट्रक अंगावर येतात. कठड्याच्या आतल्या पदपथावरच राहावं. टोपी खिशात, चष्मा दोरीने बांधलेला. दुपारी तीननंतर सूर्य मंडपमच्या बाजूला कलतो आणि पुलावर उजेड पडतो. सकाळी फोटो काढले तर सगळं काळं येतं.

वाऱ्याची गोष्ट इथे नुसती गंमत नाही. पुलावर वेगमापक बसवलेला असून वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होतो आणि गाडी अलीकडेच थांबते. परतीची पुढची गाडी पकडायची असेल तर ही शक्यता धरून तीन-चार तास हातात ठेवावेत.

दिवस दुसरा : पांबन जंक्शन

पांबन स्टेशन आज लहानसं आहे. दोन फलाट, चिंचेची सावली, बाहेर सुक्या मासळीचा वास. इथे कोणी उतरत नाही, कारण दहा-अकरा किलोमीटरवर रामेश्वरम आहे. पण १९६४ पर्यंत पाटीवर ‘जंक्शन’ होतं. पुलावरून आलेली मीटरगेज लाइन इथे फुटायची. एक फाटा रामेश्वरमच्या देवळाकडे, दुसरा धनुष्कोडीच्या धक्क्याकडे. आजच्या माणसाला वाटतं रामेश्वरम मुख्य आणि धनुष्कोडी पुढचं टोक. तेव्हा हिशेब उलटा होता. मुख्य लाइन धनुष्कोडीची, रामेश्वरम ही शाखा.

कारण बोट. मद्रासच्या एग्मोरहून निघालेली ‘बोट मेल’ मीटरगेजवरून रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस धावून धनुष्कोडीला येई. प्रवासी गाडीतून उतरून आगबोटीत बसत, सुमारे २२ मैलांची सामुद्रधुनी ओलांडून तलैमन्नारला उतरत आणि तिथून रात्रीच्या गाडीने कोलंबो. सगळं एकाच तिकिटात. त्याआधी हीच मेल तुतिकोरिनला जायची आणि तिथून समुद्रप्रवास बराच लांबचा होता. पुलाने तो काही तासांवर आणला. सिलोनपर्यंत सलग रूळ टाकायचाही विचार झाला होता, पण खर्चाच्या आकड्यांपुढे बोटीवर भागलं. पुढच्या काळात ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ या दोन बोटींची नावं इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी रुळली.

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्या आजोबांना धनुष्कोडीचा फाटा कुठे होता हे विचारलं, तर त्यांनी उकळत्या दुधावरची पळी तशीच हातात धरून बाभळींच्या रानाकडे दाखवलं. तिकडे तटबंदीसारखा एक बुटका बांध अधूनमधून दिसतो. रूळ-स्लीपर काही उरलेलं नाही. पण आजूबाजूच्या वाळूपेक्षा हातभर उंच, सरळ, वळणं अगदी सावकाश घेणारा असा बांध रेल्वेशिवाय कोणी बांधत नाही. जुनी लाइन शोधायची तर हीच खूण धरावी : पायवाट झाडाला वळसा घालते, रूळ घालत नाहीत. काट्यांसाठी जाड तळव्याचे बूट हवेत. वेड्या बाभळीचा काटा रबरी चपलेतून आरपार येतो.

या वाटेवरचं रामेश्वरम रोड हे नाव आता फक्त एका आठवणीमुळे टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडीचा थांबा बंद झाला तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या दरम्यान धावत्या गाडीतून फेकले जात. ते गोळा करून वाटायच्या कामात एक शाळकरी पोरगा होता, पुढे राष्ट्रपती झालेले अब्दुल कलाम. त्यांचे वडील यात्रेकरूंना होडीतून रामेश्वरम-धनुष्कोडी ने-आण करीत. कलामांचं घर देवळाजवळच्या गल्लीत पाहता येतं, स्मारक गावाबाहेर पेयकरुंबूला आहे.

दुपारी रामेश्वरममध्ये केळीच्या पानावर ‘सापाड’. देवळाच्या चारही रस्त्यांवर शाकाहारी खानावळी आहेत. भात दोनदा वाढतात, रसम शेवटी वाटीतून प्यायचं. मंदिर, बावीस तीर्थांची आंघोळ आणि तो हजारावर खांबांचा ओवऱ्यांचा मार्ग यांवर इतकं लिहून झालंय की इथे एवढंच : तीर्थस्नानाला पहाटे जावं, कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, आणि ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत.

संध्याकाळी अग्नितीर्थावर नांदेडकडची तीस-पस्तीस यात्रेकरू मंडळी भेटली. त्यातल्या एका मावशींनी उद्या ‘सेतूची वाळू’ आणायला जायचं म्हणून जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे फाडून ठेवले होते. काशी-रामेश्वराच्या यात्रेचा क्रम त्यांना तोंडपाठ. रामेश्वराला यायचं, सेतूची वाळू घ्यायची, ती प्रयागला गंगेत सोडायची, तिथलं गंगाजल आणून पुन्हा रामेश्वरावर घालायचं. नाथांनी ज्या कावडीतलं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं, तीही रामेश्वरासाठीच निघाली होती. मावशींना विचारलं, नाथांसारखं गाढव भेटलं तर? म्हणाल्या, “पाजीन की. पर दोन बाटल्या घेऊनच येईन म्या.”

ही यात्रा रेल्वेच्या फार आधीची. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली होती. सरफोजी राजांनी ओरतनाडला बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. तमिळमध्ये त्याला चत्रम म्हणतात. उद्याच्या रस्त्यावर ‘मूंड्राम चत्रम’ नावाचा थांबा लागतो, अर्थ ‘तिसरं छत्र’. पायी जाणाऱ्याची एक मजल तिथे संपायची.

दिवस तिसरा : धनुष्कोडी

रामेश्वरम बसस्थानकाहून धनुष्कोडीची सरकारी बस मिळते आणि ती अगदी स्वस्त आहे. रिक्षावाले ‘बस नाही’ सांगतात, ते सौजन्याने ऐकून घ्यावं. फक्त पहिल्या बसने जावं. जुन्या गावापर्यंत अठरा-एकोणीस किलोमीटर, तिथून अरिचल मुनै हे टोक आणखी चार-पाच. पहाटे रस्ता बंद असतो, सहाच्या सुमाराला सोडतात आणि संध्याकाळी पाच-सहाला बाहेर काढतात. वेळ मोसमाप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी विचारून ठेवावी. मुक्कामाची सोय नाही. एटीएम नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी रामेश्वरमहूनच घ्यावं.

गाव सुटलं की सुरूची बनं लागतात, मग तीही संपतात. रस्त्यापासून काही अंतरावर कोदंडरामाचं देऊळ. विभीषणाला इथेच राज्याभिषेक केला अशी श्रद्धा आहे, आणि १९६४ च्या वादळातून टिकलेली ही या भागातली मोठी वास्तू. मूंड्राम चत्रमच्या पुढे २०१७ पर्यंत डांबर नव्हतं. मासळीच्या जीपगाड्या वाळूतून आणि पाण्यातून हेलकावे खात जायच्या आणि प्रवासी टपाला लटकायचे. आता गुळगुळीत महामार्ग आहे. डावीकडे पाल्कची सामुद्रधुनी, तळ्यासारखी शांत. उजवीकडे मन्नारचं आखात, लाटा फुटणारं. कोळी एकीला ‘बाई समुद्र’ आणि दुसऱ्याला ‘बाप्या समुद्र’ अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. पुराणांत हेच महोदधी आणि रत्नाकर. वारा उलटला, म्हणजे ईशान्य मोसमी सुरू झाला, की दोघांचे स्वभावही अदलाबदल होतात.

जुन्या गावात बस थांबते तिथे शंख-शिंपल्यांची दुकानं आहेत. पोवळ्याचा तुकडा कोणी विकायला काढला तर घेऊ नये. जिवंत असो वा मेलेलं, पोवळं वन्यजीव कायद्याखाली येतं आणि विमानतळावर सामान उघडलं तर दुकानदार तिथे नसतो.

आता अवशेष. चर्च सहज सापडतं, कारण गर्दी तिथेच असते. भिंती नीट पाहाव्यात. वीट कमी, बाकी सगळा पोवळ्याचा दगड, चुन्यात बसवलेला. दगडावर फुलांसारख्या चांदण्या दिसतात, त्या मेलेल्या पोवळ्याच्या घरांच्या खुणा. बेटावर दुसरा दगडच नव्हता. तो हलका, करवतीने कापता येणारा, पण भोकाभोकांचा. गिलावा शाबूत असेतो टिकतो. गिलावा गेला की मीठ आत शिरतं, सुकताना त्याचे खडे फुगतात आणि दगड पिठासारखा झडतो. म्हणजे वादळाने पाडलं ते वेगळं, आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत मीठ खातंय ते वेगळं. हात लावला तर बोटाला पांढरी भुकटी लागते. भिंतीवर चढून फोटो काढणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

चर्चपासून थोडं चालल्यावर स्टेशनचे अवशेष. भिंतींचे उभे तुकडे, कमानींच्या खुणा आणि पाण्याच्या टाकीचं बांधकाम. रूळ दिसत नाहीत. वाळू सरकली तर एखादा तुकडा उघडा पडतो आणि पुन्हा झाकतो. बघणारा इथे ‘एवढंच?’ म्हणतो आणि निघतो. त्याने पाच मिनिटं टाकीपाशी थांबावं.

वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर पाणीही लागतं, आणि ते गोडं लागतं. खारं पाणी बॉयलरमध्ये उकळलं की नळ्यांवर खपली बसते, उष्णता पाण्यात जात नाही आणि नळ्या जळतात. धनुष्कोडी म्हणजे दोन समुद्रांमधली वाळूची पट्टी. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण इंजिनवाल्यांना इथे शब्दशः लागू पडली असती. पण वाळूच्या पोटात गोडं पाणी असतं. पावसाचं पाणी मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं. शास्त्राच्या हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीस फूट असायला हवं. पट्टी इतकी अरुंद असल्यावर ते बरंच पातळ होतं. अट एकच, जास्त खोल खणायचं नाही आणि एकदम उपसायचं नाही. नाहीतर खालचं खारं वर चढतं आणि झरा महिनोन्‌महिने बिघडतो.

याचं प्रात्यक्षिक झोपड्यांपाशी बघायला मिळालं. एक कोळीण मावशी वाळूत कमरेइतक्या खड्ड्यात उतरून नारळाच्या करवंटीने हळूहळू पाणी गोळा करत होत्या. खड्ड्याला ताडाच्या पातीचं कुंपण. हंडा भरायला वीस मिनिटं. बादली टाकून भराभर का घेत नाही, या खुणेने विचारलेल्या प्रश्नावर त्यांनी तोंड वाकडं करून थुंकल्याचा अभिनय केला. खारं होतं. पाणी चाखून पाहिलं, गोडं होतं, समुद्रापासून शंभरेक पावलांवर.

स्टेशनाभोवतीच्या गावात काय काय होतं ते पाहा : टपाल आणि तार कचेरी, कस्टमची कचेरी, बंदराची कचेरी, रेल्वेचा दवाखाना, शाळा, धर्मशाळा, कापडाची दुकानं, रेल्वेच्या कामगारांची घरं. यातली निम्मी खाती बोटीमुळे आलेली. कापडाची दुकानं सिलोनला जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी. टपाल कचेरी आणि शाळेच्या भिंती अजून ओळखू येतात. प्रत्येक अवशेषाला ‘बोट नसती तर हे इथे असतं का?’ असं विचारत गेलं की गावाचा नकाशा आपोआप उलगडतो.

आणि मग ती रात्र. १७ डिसेंबर १९६४ च्या सुमारास अंदमानच्या दक्षिणेला तयार झालेलं वादळ सिलोनच्या वावुनियावरून २२ तारखेला पाल्कच्या सामुद्रधुनीत आलं. ही सामुद्रधुनी उथळ आहे, बहुतेक ठिकाणी दहा-बारा मीटर. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेलं पाणी खालून परत फिरतं. उथळ खाडीत त्याला फिरायला जागा नसते, ते किनाऱ्यावर ढिगासारखं चढतं. लाटा सात मीटरपर्यंत उंच आल्याच्या नोंदी आहेत. पट्टीचा सगळ्यात उंच भाग त्यापेक्षा खाली.

६५३ डाउन पॅसेंजर रात्री ११.५५ ला पांबनहून निघाली. सहा डबे, ११० प्रवासी, ५ कर्मचारी. धनुष्कोडीच्या अलीकडे सिग्नल बंद पडलेला. जुन्या हाताच्या सिग्नलची रचनाच अशी की तार तुटली तर हात वजनाने ‘थांबा’वर पडतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी. दिवा विझला असेल तर तोही थांबाच समजायचा. ड्रायव्हर थांबला. बराच वेळ काहीच हललं नाही, तेव्हा लांब शिट्टी देऊन त्याने गाडी सावकाश पुढे घेतली.  स्टेशनातून काहीच कळेना आणि मागे फिरावं तर अंधारात तोच पाऊस. तेवढ्यात पाणी आलं आणि पूर्ण गाडी गेली. विनातिकीट प्रवासी धरले तर मृत दोनशेच्या घरात असावेत असं मानतात. गावासकट एकूण बळी सुमारे १,८०० सांगितले जातात. तारा तुटल्या होत्या, त्यामुळे बाहेर बातमीसुद्धा उशिराच गेली. ‘ड्रायव्हरने धाडस केलं’ असं वाक्य नेहमी लिहिलं जातं. जागेवर उभं राहून पाहिल्यावर वाटतं, सिग्नलपाशी थांबून राहिला असता तरी त्या सपाट वाळूवर फरक काय पडला असता?

त्याच रात्री पांबन पुलाचे १४५ पैकी १२६ गाळे समुद्रात गेले. मधला शेर्झर मात्र तसाच उभा. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने धरले होते. काम दिलं ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे, तेच पुढे कोकण रेल्वेवाले. नवे गर्डर बनवून आणायला वेळ लागला असता. कोळ्यांनी बुडालेले गर्डर कुठे आहेत ते दाखवलं, ते उचलून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत गाड्या सुरू झाल्या. पण फक्त रामेश्वरमपर्यंत. धनुष्कोडीची लाइन पुन्हा टाकली नाही. मद्रास सरकारने गाव राहायला अयोग्य ठरवलं आणि बोट रामेश्वरमहून सुटू लागली. ‘रामानुजम’ नावाची ती बोटही श्रीलंकेतल्या यादवीत १९८४ च्या सुमारास थांबली. मार्च २०१९ मध्ये रामेश्वरम-धनुष्कोडी लाइन पुन्हा टाकायची पायाभरणी झाली होती. पट्टीवर त्याचा मागमूस नाही, आणि वाळू कशी सरकते ते पाहिल्यावर नसल्याचं वाईटही वाटत नाही.

दुपारी जेवण झोपडीतल्या तव्यावर. वंजरम म्हणजे आपली सुरमई, पारै आणि बारकी नेत्तिली, मांदेलीच्या वळणाची. मासा आधी दाखवायला सांगावा, भाव ठरवावा, मग मसाला लावू द्यावा. शाकाहाऱ्यांना आंबट ताक आणि चिरमुऱ्यांवर भागवावं लागतं, डबा आणलेला बरा.

टोकाला अशोकस्तंभाचं वर्तुळ आहे आणि रस्ता तिथे संपतो. पोहायला उतरू नये. दोन प्रवाह एकमेकांवर येतात आणि पायाखालची वाळू ओढली जाते. फोन कधीकधी श्रीलंकेचा टॉवर पकडतो, रोमिंग आधीच बंद करावं. रेडिओ सिलोनवर वाढलेल्यांना मात्र त्या टॉवरच्या संदेशाचं भारी कौतुक वाटतं. परतताना डावीकडच्या नव्हे, उत्तरेच्या उथळ पाण्यावर नजर ठेवावी : जानेवारीत रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ दिसते. त्यांच्यासाठी २०२५ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. दुर्बीण आणावी, जवळ जायचा प्रयत्न चिखल हाणून पाडतो.

दिवस चौथा : परत

एग्मोरची गाडी अजून ‘बोट मेल’ याच नावाने ओळखली जाते. पुलावर ती इतकी सावकाश जाते की खाली होड्या मोजता येतात. जाताना जुना पूल कोणत्या खिडकीतून दिसेल ते आदल्या दिवशी रस्त्याच्या पुलावरून पाहून ठेवावं, ऐन वेळी डबाभर लोक एकाच बाजूला येतात.

नांदेडची मंडळी त्याच गाडीत होती. मावशींनी वाळू टोकावरून, भरतीच्या रेषेच्या वरून, कोरडी घेतली होती. ओल्या वाळूतलं मीठ फडकं खातं आणि दोन महिन्यांत पुरचुंडी फाटते, हे त्यांना आधीच्या खेपेला गेलेल्या जावेने सांगितलं होतं. शिंपले निवडून काढलेले, प्रत्येकी मूठभर, वर सुतळीची गाठ आणि गाठीत नावाची चिठ्ठी. एकूण सोळा पुरचुंड्या, शेजारपाजारच्यांच्या धरून. प्रयागचं आरक्षण मार्चचं झालं होतं, त्यातली चार तिकिटं अजून वेटिंगवर.